सातारा ते सांगली : अजून कामावर असलेल्या खुणा

रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभारला तो रेल्वेच्या माणसाने. 1868 च्या डिसेंबरात लंडनमध्ये, पार्लमेंटजवळच्या चौकात, जे. पी. नाइट या रेल्वे सिग्नलच्या अभियंत्याने एक उंच खांब रोवला. त्याचे हात आडवे झाले की गाड्यांनी थांबायचं, खाली कलले की जपून पुढे जायचं. रात्री लाल आणि हिरव्या काचेमागे गॅसचा दिवा जळायचा आणि हे सगळं एक पोलिस खाली उभा राहून हाताने चालवायचा. जानेवारी 1869 मध्ये गॅसचा स्फोट झाला, पोलिस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. विजेचा सिग्नल त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने, 1914 साली, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये आला. चारही दिशांना तीन रंग दाखवणारा सिग्नल डेट्रॉइटमध्ये 1920 साली. चौकातल्या लाल-हिरव्या दिव्याचं माहेर असं रेल्वेत आहे.

हे डोक्यात ठेवूनच सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुने सिग्नल शोधत फिरायचं ठरवलं. अट एकच होती : खूण जुन्या धाटणीची हवी आणि ती आजही कामावर हवी. संग्रहालयात नाहीतर बागेत रंग देऊन उभी केलेली वस्तू यात बसत नाही. जिच्याकडे बघून आजही कोणी ब्रेक दाबतो, फाटक लावतो, नाहीतर घरातलं सामान माळ्यावर चढवतो, अशीच खूण कॅमेऱ्यात घ्यायची. चौकातल्या खांबांपुरतं बघत राहिलं तर या भागात फार काही हाती लागत नाही. तिथले जुने दिवे बदलून एलईडीचे दिवे आले आहेत. पण रस्ता, रूळ आणि नदी या तिन्हींकडे एकत्र बघायला लागलं की सातारा ते सांगली हा पट्टा चांगलाच श्रीमंत निघतो.

पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात खंबाटकीचा घाट. 2000 साली इथला बोगदा सुरू झाला तेव्हा वाहतुकीची वाटणी झाली : पुण्याकडे जाणारी वाहनं बोगद्यातून, साताऱ्याकडे जाणारी जुन्या घाटाने. त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्याला जुना घाटरस्ता आपसूकच बघायला मिळाला. वळणावरचे चुन्याने रंगवलेले कठडे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बुटके खांब, खडकावर ब्रशने लिहिलेलं ‘हॉर्न द्या’. या खुणांना वीज लागत नाही. ट्रकचा दिवा पडला की पांढरा चुना उजळतो आणि चालकाला वळणाचा पूर्ण आकार दिसतो. फोटो काढायचा तर गाडी घाटात थांबवू नये; माथा ओलांडल्यावर मोकळी जागा मिळते, तिथून लांब पल्ल्याची लेन्स लावावी.

सुरूरहून वाईकडे वळलं की दुसरी खूण भेटते, आणि मला ती या सगळ्या प्रवासात फार जवळची वाटते : वडाच्या बुंध्यावरचा काव आणि चुन्याचा पट्टा. रस्त्याच्या कडेची झाडं मोजून त्यांच्यावर आकडे घालायचे, खाली काव आणि वर चुना लावायचा, ही बांधकाम खात्याची जुनी रीत. आकडा हिशोबासाठी आणि पट्टा वाहनचालकासाठी. अंधारात दोन्ही बाजूंचे पट्टे ओळीने दिसतात आणि रस्ता किती रुंद आहे, पुढे कुठे वळतो, हे समजतं. पुणे-बंगळूर रस्ता रुंद होताना असे कितीतरी वड गेले. वाईच्या वाटेवर जे राहिले आहेत ते सकाळी लवकर टिपावेत. ऊन तिरपं असतं तेव्हा पारंब्यांच्या सावल्या रस्त्यावर पडतात आणि पट्ट्यावरच्या ब्रशच्या रेघाही उठून दिसतात.

मैलाच्या दगडांचीही अशीच गोष्ट आहे. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धत आली आणि मैल जाऊन किलोमीटर आले. रस्त्याकडेच्या आजच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि खेड्यांकडे जाणाऱ्या ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारिंगी. दर पाचवा दगड मोठा असतो आणि त्यावर लांबच्या मोठ्या गावाचं नाव असतं. मोबाइलच्या नकाशावर गाडी चालवणाऱ्याला तो लागत नाही, हे खरं. पण उसाच्या हंगामात ट्रॅक्टर नादुरुस्त झाला की चालक मुकादमाला फोनवर दगडाचाच आकडा सांगतो, कारण दोन गावांच्या मधल्या रानात दुसरा पत्ताच नसतो. अशा दगडाचा फोटो समोरून सपाट काढण्यापेक्षा थोडा बाजूने काढावा, म्हणजे माथ्याचा रंग, आकडा आणि पलीकडचा रस्ता एका चौकटीत येतात.

साताऱ्यात पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. हा गुंता सोडवायला जमिनीखालून मार्ग काढले गेले आणि 2021 पासून वाहतूक त्यातून धावते आहे. वरच्या चौकात मात्र आजही जगातल्या सगळ्यात जुन्या सिग्नलवर काम भागतं, तो म्हणजे पोलिसाचा हात. तळवा समोर धरला की समोरच्याने थांबायचं, एक तळवा समोर धरून दुसरा हात बाजूला ताणला की पुढची आणि मागची वाहतूक थांबते. हे हात मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतही आहेत आणि शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यांच्यावर आजही प्रश्न येतो. दिवा चालू असताना पोलिसाने वेगळी खूण केली तर पोलिसाची खूण मानायची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. फोटोसाठी आधी परवानगी घेतली तर बहुतेक पोलिस खुशीने उभे राहतात. पण उभं राहिलेल्या माणसाचा फोटो मेलेला येतो. त्यांना त्यांचं काम करू द्यावं आणि आपण पदपथावरून शटरचा वेग जरा मंद ठेवून टिपावं. हात हलका पुसट येतो, बाकीचा चौक स्थिर राहतो आणि खूण दिसते.

शहराच्या दक्षिणेला अजिंक्यताऱ्याच्या कुशीतून सज्जनगड आणि कासकडे जाणारा जुना बोगदा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला. आत शिरण्याआधी हॉर्न द्यायचा, समोर दिवा दिसला तर थांबायचं, हा तिथला अलिखित नियम. पाटी नाही, दिवा नाही, पण रोज जाणारे दुधवाले, एसटीचे चालक आणि कासला निघालेले पर्यटक तो पाळतात.

खरा खजिना मात्र रुळांवर आहे. सातारा स्टेशन शहरात नाही, ते माहुलीच्या बाजूला आहे. पुणे-मिरज हा मार्ग सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मीटरगेजवर बांधला. सह्याद्रीच्या फाट्यांतून वाट काढताना साळपे आणि आदर्कीजवळ त्याला घाट चढावा लागला. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक तेव्हा वाठार स्टेशनला उतरत आणि पुढे वाईमार्गे टांग्याने जात. 1971 साली हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं स्टेशनांच्या दोन्ही टोकांना हाताचे सिग्नल उभे होते. आडवा हात म्हणजे थांबा, खाली पडलेला हात म्हणजे या.

या हाताची रचना समजून घेतली की तो बनवणाऱ्यांविषयी आदर वाटतो. केबिनमधला खटका ओढला की रुळाच्या कडेने कप्प्यांवरून गेलेली तार ताणली जायची आणि हात खाली यायचा. हाताच्या दुसऱ्या टोकाला लाल-हिरव्या काचांची जड चौकट असायची. तार तुटली तर त्या वजनाने हात आपोआप आडवा व्हायचा, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबेल, धडकणार नाही. उन्हाळ्यात तार लांबायची, तेव्हा ती ताणून घ्यावी लागायची. रोज संध्याकाळी बत्तीवाला खांबावर चढून रॉकेलचा दिवा ठेवायचा. रॉकेलची ज्योत पिवळसर असते, तिच्यापुढे साधी हिरवी काच धरली तर रंग पिवळट दिसतो, म्हणून हिरवी काच मुद्दाम निळसर घडवलेली असे. उजेड आणि काच मिळून मग बरोबर हिरवा रंग लांबून दिसायचा.

आज या मार्गावर रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत : लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. पण तो जुना हात सगळाच गेलेला नाही, आणि हे लक्षात आलं तेव्हा सगळा प्रवास सार्थकी लागला. रुळाचं काम चालू असतं तिथे गाड्यांना वेग कमी करायला सांगणारी एक पाटी रोवतात. पिवळी, आडवी, काळा पट्टा असलेली आणि एका टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच पाडलेली. ही खाच जुन्या दूरच्या सिग्नलच्या हाताची आहे. पुढे थांबावं लागेल, तयार राहा, असं तो हात सांगायचा. पाटीही तेच सांगते. तिच्यापुढे पिवळ्या त्रिकोणावर वेगाचा आकडा असतो आणि काम संपतं तिथे गोल पिवळ्या पाटीवर अक्षरं : प्रवासी गाडीसाठी वेगळी, मालगाडीसाठी वेगळी, कारण मालगाडीची शेपूट लांब असते आणि तिला वेग वाढवायला उशिरा परवानगी मिळते. पुणे-मिरज मार्गाच्या दुपदरीकरणामुळे गेली काही वर्षं इथे ठिकठिकाणी कामं चालू राहिली आणि या पाट्यांचं जणू पीकच आलं. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर या पट्ट्यात दिवसाच्या गाडीने खिडकीशी बसलं तरी त्या दिसतात. रात्री खाचेच्या पाटीवर दोन पिवळे दिवे लावतात, शेजारी शेजारी.

दुसरी खूण फाटकाची. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात ‘सी/फा’ लिहिलेलं दिसलं की पुढे फाटक आहे आणि इंजिन चालकाने शिट्टी द्यायची, असा अर्थ. ब्रॉडगेजवरची रखवालदार नसलेली सगळी फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली. जी उरली त्यांच्यावर माणूस असतो. कोरेगावच्या अलीकडच्या एका फाटकावर थांबलो. खोली एवढीशी, पण आत सगळं हाताशी : गुंडाळलेले लाल आणि हिरवे झेंडे, लाल-हिरव्या काचा फिरवता येणारा हातदिवा, भिंतीवर घड्याळ, फोन, नोंदवही, शिट्टी, फाटक मोडलं तर आडवी लावायची साखळी आणि पत्र्याच्या डबीत फटाके. हे फटाके म्हणजे चपट्या चकत्या. पुढे मार्ग बंद असेल तर रखवालदार रुळावर 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन बांधतो. इंजिनाचं चाक वरून गेलं की आवाज होतो आणि चालक गाडी आवरतो. धुकं असो, वळण असो, वीज गेलेली असो, हा आवाज काम करतो.

फोन वाजला, रखवालदाराने स्टेशनमास्तरांना खातरजमेचा आकडा सांगितला, त्यांचा लिहून घेतला, फाटक लावलं आणि झेंडा घेऊन बाहेर उभा राहिला. फाटकाशी दुचाकीवर थांबलेल्या एका आजोबांनी मला विचारलं,

“काय वो पाव्हणं, कशाचं फोटू काढाय लागलाय?”

“गाडीच्या मागच्या फुलीचा, आजोबा.”

“इंजनाचा सोडून फुलीचा?”

रखवालदार मागे न बघता म्हणाला, “तात्या, ती फुलीच तर बघायची असतीया. ती दिसली म्हंजे गाडी सगळी गेली. न्हाई दिसली तर अर्धी मागं राहिलीया, असं समजायचं.”

याहून चांगलं कोणी सांगू शकलं नसतं. प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यावर पिवळी फुली आणि लाल लुकलुकता दिवा असतो. डबे तुटून मागे राहिले तर पुढच्या स्टेशनला ती फुली दिसत नाही, आणि मग मागून येणाऱ्या गाडीला रस्ता मिळत नाही. आता रुळांवर बसवलेली यंत्रं चाकांच्या जोड्या मोजतात, तरीही ती फुली अजून रंगवली जाते आणि माणसं ती बघतात. गाडी गेली. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता. 2022 पासून या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं आहे, हातातला हिरवा झेंडा तोच आहे. माझ्या चौकटीत एका टोकाला फुली आली, दुसऱ्या टोकाला रखवालदाराचा झेंडा आणि मधे तात्यांची मान वळलेली. या प्रवासातला तो माझा सगळ्यात आवडता फोटो. त्या दिवसापासून मी एक नियम धरला : नुसत्या खुणेचा फोटो घ्यायचा नाही, ती वाचणारा माणूस सोबत हवा. पाटी एकटी टिपली तर लोखंडाचा फोटो होतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. रुळावर उतरून, सिग्नलच्या खांबाशी जाऊन फोटो काढू नयेत. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याहून मोठं कारण म्हणजे विजेच्या इंजिनाची गाडी किती जवळ आली ते आवाजावरून कळत नाही. फलाट, डब्याची खिडकी, उड्डाणपूल आणि फाटकाबाहेरचा रस्ता एवढ्या जागा पुरेशा आहेत. एलईडीचा सिग्नल टिपताना शटर फार वेगवान ठेवलं तर दिवा विझलेला येतो, कारण काही दिवे डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करत असतात. शटर थोडं मंद करावं आणि दिव्याच्या उजेडावर मोजणी धरून फोटो जरा अंधारा घ्यावा, म्हणजे लाल रंग लाल राहतो, पांढरा होत नाही. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं यासाठी उत्तम.

कराड ओलांडलं की पुढे शेणोली येतं. जून 1943 मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने याच स्टेशनाजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवून खजिना ताब्यात घेतला. तेव्हा संस्थानांचा भाग सोडला तर हा सगळा मुलूख एकच सातारा जिल्हा होता. 1949 साली त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. शेणोलीच्या फलाटावर उभं राहून दोन्ही बाजूंना बघताना, गाडी अडवायला गावच्या पोरांनी रुळांवर दगड रचले होते, हे आठवतं आणि ऊर भरून येतो.

पुढे भवानीनगर, ताकारी, आणि मग किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली. या भागात कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावायची सवय साखर कारखान्यांमुळे आणखी पसरली. गाळपाच्या दिवसांत पाळी बदलल्याचा भोंगा शिवारात ऐकू येतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्यावरून वेळ ओळखतात. रस्त्यावर याच दिवसांत बैलगाड्यांची रांग असते. पूर्वी गाडीच्या आखाखाली कंदील बांधायचे. आता साखर कारखाने गाड्यांना आणि ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावून देतात, तरी काही गाडीवान मागे लाल फडकं बांधतातच. पट्टी चिखलाने माखते, फडकं मात्र वाऱ्यावर हलतं आणि हललेलं डोळ्यात भरतं.

भोंग्याचा विषय निघाला म्हणून कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावला वाट वाकडी करून गेलो, आणि प्रत्येकाने जावं असं सांगेन. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या गावाने एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले मोबाइल, टीव्ही दीड तासासाठी बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं गप्पा मारतात. साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर गेल्या आणि मुलांचा हात फोनवरून निघेना, त्यावर गावाने शोधलेला हा उपाय. वाहतुकीचा सिग्नल म्हणजे तरी काय, सगळ्यांनी मिळून ठराविक वेळ थांबायचं ठरवणं. तेच काम इथे जुना भोंगा करतो. आवाजाचा फोटो निघत नाही. पण सात वाजता ओट्यावर बसलेल्या पोरांच्या तोंडावर फोनचा निळा उजेड नसतो, घरातल्या दिव्याचा असतो. तो फोटो निघतो.

आमणापूर, भिलवडी, नांद्रे करत सांगली गाठली. मिरज इथून हाकेच्या अंतरावर. एके काळी त्या जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते आणि तिन्हींचे सिग्नल वेगवेगळे. आज सगळं ब्रॉडगेज आहे. सांगलीत मात्र मला रेल्वेपेक्षा नदीकडे जायचं होतं, कारण या दोन जिल्ह्यांतला सर्वांत जास्त वाचला जाणारा सिग्नल कृष्णेच्या पाण्यात उभा आहे.

आयर्विन पूल 1929 साली झाला. तेव्हा चिंतामणराव पटवर्धन सांगलीचे अधिपती होते, आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव पुलाला मिळालं. दगडी कमानींच्या या पुलाला फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. मैल गेले, रस्त्यावरची सगळी मापं बदलली, पण सांगलीत पाणी अजून फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीकर भेटल्यावर आधी विचारतो, “आयर्विनला किती झालं?” तिशी ओलांडली की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल भागांत हालचाल सुरू होते. कोणत्या आकड्याला आपल्या गल्लीत पाणी येतं, हे घराघरांत पाठ असतं. म्हातारी माणसं तर आकडा ऐकून कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं असेल ते सांगतात. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 साली 57 फुटांच्याही वर, आणि 2021 साली पुन्हा 54 ओलांडलं. 2019 च्या ऑगस्टात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता.

हा आकडा एकटा नाही, त्याच्यामागे नदीभर पसरलेली साखळी आहे. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचा तक्ता निघतो, त्यात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली अशी ओळीने पातळी असते. कोयना धरणाची साठवण क्षमता 105 टीएमसी. तिथून विसर्ग वाढला की आधी कराडचा आकडा चढतो, मग बहे, मग ताकारी, मग भिलवडी. भिलवडीचा माणूस कराडचा आकडा वाचून जनावरं हलवतो, सांगलीचा माणूस भिलवडीचा वाचून सामान वर चढवतो. रेल्वेत एका स्टेशनने पुढच्याला कळवायचं असतं की गाडी सुटली. इथे एक पूल पुढच्या पुलाला पाणी सुटल्याचं कळवतो. संवेदक आले, मोबाइलवर संदेश येतात, तरी पाणी चढायला लागलं की लोक पुलाशी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघून जातात. मी गेलो तेव्हा पाणी पुष्कळ खाली होतं आणि वरचे आकडे कोरडे होते. एक बाई शाळेतल्या मुलाला बोट करून दाखवत होत्या, “हितपर्यंत आलं होतं बघ बाळा, तू तवा एवढासा होतास.” दोघंही पाठमोरे, पलीकडे आकडे. त्यांना विचारून फोटो घेतला.

पुराच्या दिवसांत मात्र फोटोसाठी पुलावर जाऊ नये. त्या वेळी पूल बचाव पथकांचा आणि पोलिसांचा असतो. धरणांच्या परिसरातही छायाचित्रणाला बंदी आहे, ती पाळावी. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ या सगळ्या वाटेला योग्य : हवा स्वच्छ, ऊन तिरपं, ऊस रस्त्यावर आणि नदी शांत.

शेवटी वाचकांना एक विनंती. 1971 आधीच्या मीटरगेजचे, स्टेशनच्या टोकाशी उभ्या असलेल्या हाताच्या सिग्नलचे, केबिनचे, मैलाच्या दगडाशी उभं राहून काढलेले, 2005 किंवा त्याआधीच्या पुरात आयर्विन पूल दाखवणारे फोटो सातारा-सांगलीच्या घराघरांतल्या अल्बममध्ये नक्की असतील. कोणाचे आजोबा रेल्वेत असतील, कोणाचे काका बांधकाम खात्यात. ते फोटो काढून बघा, मागच्या बाजूला पेन्सिलने गाव, साल आणि फोटोतल्या माणसाचं काम लिहा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.